हात लावला तरी दुखतं

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण ती आमच्याच एका चुकीपासून सुरू होते. ती आधी कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही रेडिओवर वजनावर आठ भागांची मालिका केली होती. गोड कमी करा, तळण कमी करा, सकाळी चाला, असं सगळं रीतसर सांगितलं. शेवटच्या भागात आमच्यातली एक जण उत्साहाच्या भरात बोलून गेली, "वजन आपल्याच हातात असतं, बायांनो. ते वाढतं जिभेच्या लाडानं." वाक्य टाळ्यांचं होतं. आम्हीही स्टुडिओत माना डोलावल्या.

चार दिवसांनी एक वहिनी केंद्रावर आल्या. नाव सांगू नका म्हणाल्या आहेत, म्हणून वहिनीच म्हणू. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगानं भरलेल्या. खुर्चीवर बसताना सुद्धा आधी हातानं चाचपून, मग हळूच टेकल्या. दंडावरची बाही वर केली आणि म्हणाल्या, "हितं दाबून बघा. पण हळू." आम्ही बोट टेकवलं. कातडीखाली हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या मऊ गाठी लागल्या. दाबलंही नव्हतं, तरी वहिनींनी दात ओठांवर रोवले.

"सहा महिने अर्ध्या भाकरीवर काढले," त्या म्हणाल्या. "वजन दोन किलो उतरलं, दुखणं दाणाभर न्हाई उतरलं. संक्रांतीला कासार बांगड्या भरायला बसला की मला रडू येतं. सासूबाई म्हणत्यात, अंग वाढवलंस तर बांगडी अडणारच. बांगडी अडत न्हाई ओ. त्यानं हात धरला की कळ निघती. नातू मांडीवर उडी मारतो, तरी मी वरडते. आता तुमी रेडिओवर सांगितलंसा जिभेचे लाड. घरात सगळ्यांनी ऐकलं."

त्या भांडायला आल्या नव्हत्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमच्याकडे महिन्यातून एकदा डॉक्टरबाई प्रश्नोत्तरांसाठी येतात. त्यांनी वहिनींना तपासलं आणि कोणत्या तपासण्या करायच्या ते लिहून दिलं. मग आम्हाला म्हणाल्या, "अंग वाढणं आणि अंग दुखणं एकत्र आलं की त्याची पुष्कळ कारणं असतात. त्यातलं एक फार क्वचित असतं, आणि त्याचं नाव बऱ्याच डॉक्टरांच्याही तोंडी नसतं. डर्कमचा आजार." वहिनींना तोच आहे असं त्या म्हणाल्या नाहीत, आम्हीही म्हणत नाही. पण त्या नावामागे काय आहे ते शोधायला आम्ही बसलो. शोधता शोधता जाऊन पोहोचलो आपल्या ओळखीच्या गावाला.

ते गाव म्हणजे अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तेच. कल्याणला जन्मलेली ही मुलगी चौदाव्या वर्षी आई झाली आणि दहा दिवसांत बाळ गेलं. बाईला बाईच डॉक्टर हवी, नाहीतर ती दुखणं सांगतच नाही, हे तिच्या मनानं घेतलं. १८८३ साली ती कलकत्त्याहून बोटीत बसली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांचा वॉर्ड तिच्याकडे सोपवायचं ठरलं होतं. पण ती परतली तीच क्षयानं खंगून, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली. तेव्हा तिला बावीसही पूर्ण झाली नव्हती.

आनंदीबाई त्या शहरात शिकत होत्या, त्याच वर्षांत तिथे फ्रान्सिस झेवियर डर्कम नावाचा एक तरुण डॉक्टर काम करत होता. जन्म १८५६ चा, त्याच शहरातला. तो मज्जातंतूंचा, म्हणजे नसांच्या आजारांचा डॉक्टर होता. एडवर्ड मायब्रिज नावाचा एक गाजलेला छायाचित्रकार तेव्हा धावत्या घोड्यांची आणि चालत्या माणसांची क्षणाक्षणाची चित्रं टिपत होता. त्याच्याकडून डर्कमनी लुळे पडलेल्या, लंगडणाऱ्या, थरथरणाऱ्या रुग्णांच्या चालण्याची चित्रं काढून घेतली होती. रोग्याकडे नीट बघायचं, पुन्हा पुन्हा बघायचं, ही त्या माणसाची सवय होती. पुढच्या गोष्टीत तीच कामाला आली.

आनंदीबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी, १८८८ साली, डर्कमनी एका बाईची हकिगत छापली. ती होती एक्कावन्न वर्षांची एक आयरिश बाई. दंड आणि पाठ चरबीनं सुजल्यासारखी वाढलेली, आणि ती वाढ दुखणारी. तिच्याबद्दल थोडा हिशेब आम्ही केला. १८८८ ला एक्कावन्न म्हणजे जन्म १८३७ च्या सुमाराचा. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचं पीक कुजून गेलं आणि महादुष्काळ पडला, लाखो माणसं मेली, लाखो बोटीत बसून अमेरिकेला गेली. तेव्हा या बाईचं वय आठ-नऊ. अमेरिकेच्या शहरांत आयरिश बायका घरोघरी धुणीभांडी, स्वयंपाक करून पोट भरत, हे तिथल्या इतिहासात पानोपानी आहे. अशा पिढीतल्या बाईचं अंग वाढलेलं बघून लोकांना पहिल्यांदा काय वाटलं असेल, ते वहिनींच्या सासूबाईंना विचारा.

डर्कमनाही आधी दुसरंच वाटलं होतं. थोडं थांबून त्या काळात डॉक्टरांना काय माहीत होतं ते बघू, कारण तो भाग आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे.

इंग्लंडमध्ये १८७३ साली विल्यम गल या डॉक्टरांनी काही बायकांचं वर्णन केलं होतं. चेहरा सुजलेला, अंग जड, बोलणं संथ, थंडी सोसवत नाही, दिवसभर मरगळ. पुढे त्याला मिक्सिडिमा असं नाव मिळालं. १८८८ मध्येच लंडनच्या डॉक्टरांच्या एका मंडळानं मोठा अहवाल काढून सांगितलं की हा गळ्यातली थायरॉइड ग्रंथी बंद पडल्याचा परिणाम आहे. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, जॉर्ज मरे या डॉक्टरांनी शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. आळशी, मंद, सुस्त म्हणून जिची कुणीही संभावना केली असती ती बाई काही आठवड्यांत हिंडूफिरू लागली. औषध चालू ठेवून ती आणखी अठ्ठावीस वर्षं जगली. आज थायरॉइडची जी बारीक गोळी आपल्यातल्या कितीतरी जणी सकाळी उपाशीपोटी घेतात, तिची सुरुवात ती मेंढी.

म्हणून त्या आयरिश बाईला बघून डर्कमना मिक्सिडिमाची आठवण होणं साहजिक होतं. त्यांनी लेखाच्या मथळ्यातच लिहिलं की लक्षणं मिक्सिडिमासारखी आहेत. पण "सारखी" म्हणजे "तीच" नव्हे. मिक्सिडिमाच्या रोग्याची चरबी अशी दुखत नाही. आणि साधी लठ्ठ बाई असेल तर तिची चरबीही दुखत नाही. आपल्या अंगावर असते ती चरबीची साधी गाठसुद्धा बहुतेक वेळा दुखत नाही, नुसती हलते. इथे तर वाढ झालेल्या जागीच वेदना होती.

चार वर्षं गेली. १८९२ साली डर्कमनी दुसरा लेख लिहिला, त्यात तीन रुग्ण. तिन्ही बायका. आता त्यांनी ठामपणे सांगितलं की वरवर बघता हे लठ्ठपणासारखं दिसतं, पण हा लठ्ठपणा नाही आणि मिक्सिडिमाही नाही. याची वेगळी नोंद करायला हवी. त्यांनी लॅटिन भाषेत नाव दिलं, अडिपोसिस डोलोरोसा. आपल्या बोलीत सांगायचं तर दुखरी चरबी. पुढे लोक त्याला डर्कमचा आजार म्हणू लागले.

हे किती मोठं होतं ते कळण्यासाठी त्याच शहरातली दुसरी गोष्ट सांगायला हवी. फिलाडेल्फियातच सायलस वेअर मिचेल हे फार नावाजलेले डॉक्टर होते. नसांचेच. थकलेल्या, रडणाऱ्या, "मला काहीतरी होतंय" म्हणणाऱ्या बायकांसाठी त्यांनी विश्रांतीचा उपचार काढला होता. बाईला कित्येक आठवडे खाटेवर निजवून ठेवायचं, दूध पाजायचं, भरपूर खायला घालायचं, कुणाला भेटू द्यायचं नाही, वाचू द्यायचं नाही, लिहू द्यायचं नाही. शार्लट पर्किन्स गिलमन नावाची लेखिका १८८७ मध्ये या उपचारातून गेली आणि वेडाच्या काठावर पोहोचली. तिनं त्यावर "द यलो वॉलपेपर" नावाची कथा लिहिली, ती छापून आली १८९२ मध्येच. म्हणजे एकाच वर्षी एका बाईनं लिहिलं की माझं म्हणणं कुणी ऐकत नाही, आणि एका डॉक्टरांनी लिहिलं की तीन बायका दुखतंय म्हणतात आणि ते खरं आहे.

आमच्या बैठकीत हे वाचलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "सहा आठवडे खाटेवर? दूध पाजून? मला लावा तो उपचार, मी वेडी झाले तर झाले." हसून हसून पुरेवाट झाली. पण मग त्याच म्हणाल्या, "तिला निजवून गप्प केलं, आपल्याला उठवून गप्प करत्यात. इतकाच फरक."

डर्कम काही देवमाणूस नव्हते. उपचार त्यांच्याही हाती नव्हता. थायरॉइडचा अर्क देऊन बघितला गेला. या आजारानं गेलेल्या काही जणींची शरीरं मृत्यूनंतर तपासली, तेव्हा थायरॉइड आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी, या ग्रंथींत काही बदल दिसले. पण ते सगळ्यांत नव्हते, आणि नेमकं कारण हाती लागलं नाही. ते आजही पुरतं हाती लागलेलं नाही. तरी त्यांनी एक काम केलं, नाव दिलं. ज्याला नाव नाही ते दुखणं बाईच्या स्वभावात जमा होतं, हे आपल्याला शिकवायला डॉक्टर लागत नाही.

आणि तेच पुढे झालं. १९०१ साली रू आणि व्हितो या दोन फ्रेंच डॉक्टरांनी या आजाराची चार लक्षणं ठरवून दिली. पहिलं, चरबीच्या दुखऱ्या गाठी. दुसरं, सगळं अंग वाढणं, बहुतेक करून पाळी जाण्याच्या वयात. तिसरं, अशक्तपणा आणि लवकर थकवा. चौथं, मनाची दुखणी. त्यात उदासी आणि चिडचिडीपासून फीट येण्यापर्यंत आणि बुद्धिभ्रंशापर्यंत बरंच काही बसवलं होतं.

हे चौथं लक्षण आम्हाला खटकतं, आणि ते सांगायला आम्ही डॉक्टर असायची गरज नाही. रात्रंदिवस दुखणाऱ्या अंगानं दळण, पाणी, शेण, शेत करणारी बाई उदास होते, चिडते, तिला झोप येत नाही. हे दुखण्याचं फळ आहे की दुखण्याचं बी? रू आणि व्हितो यांच्या मनात काही वाईट असेल असं नाही. त्यांनी दिसलं ते लिहिलं. पण ती चार लक्षणं पुस्तकांतून शंभर वर्षं जशीच्या तशी उतरवली गेली. दुखतंय म्हणून आलेली बाई रडली की चौथं लक्षण जुळायचं, आणि नाही रडली तर आजारच नाही असं व्हायचं. दोन्हीकडून बाईच चुकीची.

डर्कम स्वतः पुढे फार मोठे झाले. १९१९ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्यांना तपासायला बोलावलेल्या डॉक्टरांत डर्कम होते. राष्ट्राध्यक्ष किती आजारी आहेत हे लोकांपासून लपवून ठेवलं गेलं होतं, म्हणून ती हकिगत तिकडे अजून चघळली जाते. १९३१ मध्ये डर्कम वारले. त्यांचं नाव राहिलं, त्यांच्या नावाचा आजार मात्र जाड पुस्तकांच्या तळटिपेत जाऊन बसला.

मधल्या काळात दुसरीकडे एक दिवा लागला. तो सांगायला हवा, कारण आपल्या गावात त्या प्रकारच्या बायका डर्कमच्या आजारापेक्षा जास्त सापडतील. १९४० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी एका वेगळ्या आजाराचं वर्णन केलं, लिपेडिमा. यात दोन्ही पाय सारखेच वाढतात, कमरेपासून घोट्यापर्यंत. पाऊल मात्र बारीकच राहतं. पैंजण बसतं तिथे जणू कुणी दोरी बांधून चरबी अडवली आहे असं दिसतं. पाय दुखतात आणि जरा लागलं की काळेनिळे डाग पडतात. १९५१ मध्ये त्याच रुग्णालयातून ११९ रुग्णांचा अभ्यास छापून आला. हाही बहुतेक करून बायकांनाच होतो, आणि इथेही उपास करून वरचं अंग वाळतं, पाय तसेच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात लिपेडिमाला स्वतःची जागा आहे. ॲलन-हाइन्सच्या लेखापासून मोजलं तर ऐंशी वर्षांहून जास्त.

आपल्याकडे पाय सुजला म्हटलं की विदर्भातल्या बायांना आधी हत्तीपाय आठवतो, आणि ते बरोबरच आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे आरोग्य कर्मचारी रात्री घरी येऊन बोटाचं रक्त घेऊन जातात ते त्यासाठीच, कारण हत्तीरोगाचे जंतू रात्री रक्तात वर येतात. ओळखायची ढोबळ खूण अशी. हत्तीपायात बहुतेक वेळा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजतो आणि पाऊलही सुजतं. लिपेडिमात दोन्ही पाय सारखे असतात आणि पाऊल सुटतं. डर्कमच्या आजारात दुखणं दंड, पाठ, पोट, मांड्या, गुडघ्याच्या आतली बाजू असं कुठेही असू शकतं, कधी गाठींत, कधी सगळ्या चरबीतच. खूण ढोबळ आहे. निदान डॉक्टरांनीच करायचं.

डर्कमच्या आजाराकडे परत येऊ. साध्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्याला फारशा लागू पडत नाहीत, हे जुनंच रडगाणं. १९८७ साली डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी लिहिलं की लिग्नोकेन शिरेतून दिलं तर काही रुग्णांची तीव्र वेदना बऱ्याच काळापुरती ओसरते. दात काढताना डॉक्टर हिरडी बधिर करतात तेच हे औषध. शिरेतून देताना हृदयावर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून ते रुग्णालयातच द्यायचं असतं. गावातल्या कुणी "मी देतो की" म्हटलं तर तिथून उठा. स्वीडनमध्ये काही रुग्णांची दुखरी चरबी नळीनं शोषून काढली, त्यांतल्या काहींचं दुखणं कमी झालं. गाठी कापून काढल्या तर काहींना आराम पडतो, काहींना पुन्हा येतात. मुळावर घाव घालणारं औषध अजून नाही. आहे असं कुणी सांगत असेल तर तो विकायला बसलाय.

आणि मग २०१२ साल. स्वीडनच्या माल्मो शहरातल्या एमा हॅन्सन, हेन्री स्वेन्सन आणि होकन ब्रोरसन यांनी तोवरचं सगळं लिखाण चाळलं आणि एक साधी व्याख्या मांडली. अंगाचं वजन वाढलेलं असणं आणि चरबीत तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेलं दुखणं असणं. किमान या दोन गोष्टी असाव्यात. बाकीची लक्षणं असतील किंवा नसतील. हा आजार बहुधा पस्तीस ते पन्नास या वयात दिसू लागतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त असतो, हेही त्यांनी नोंदवलं.

म्हणजे १९०१ मधलं ते चौथं लक्षण दारातून बाजूला झालं. आता बाईनं आजारी ठरण्यासाठी वेडी असण्याची अट राहिली नाही. एकशे अकरा वर्षं लागली. आमच्या बैठकीत हे वाक्य वाचलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "परत एकदा वाचा."

आता घाबरवायचं नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. डर्कमचा आजार दुर्मीळ आहे. ज्यांचं अंग वाढलंय आणि दुखतंय त्यांच्यापैकी बहुतेकींना दुसरंच काही असतं. कुणाचा थायरॉइड मंद असतो, कुणाच्या गुडघ्यांची झीज झालेली असते, कुणाचं रक्त कमी असतं, कुणाला ड जीवनसत्त्व कमी पडतं. काहींना फायब्रोमायल्जिया असतो, त्यात सगळं अंग ठणकतं, पण गाठी नसतात. यातल्या बऱ्याच गोष्टींवर सोपे उपचार आहेत, आणि थायरॉइडची तपासणी हाताच्या शिरेतल्या थोड्याशा रक्तावर होते. म्हणून पहिली तपासणी नेहमीच्या आजारांची. ते सगळे वजा झाल्यावर डर्कमचं नाव काढायचं.

एक काळजी मात्र आहे. बाजाराच्या दिवशी सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या मिळतात. घेतल्यावर दोन दिवसांत बाई पळायला लागते. तशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. ते जास्त दिवस पोटात गेलं की चेहरा गोल होतो, पोट आणि मान भरते, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. म्हणजे अंगदुखीसाठी घेतलेली पुडी अंगच वाढवते, आणि मग आपण वजनासाठी उपास धरतो. कुणी अशी पुडी घेत असेल तर ती एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि दाखवा.

डॉक्टरकडे आपल्याला मिळतात दोन मिनिटं. त्यात "सगळं अंग दुखतंय" म्हटलं की कागदावर वेदनाशामक गोळी येते आणि पुढचा नंबर. वहिनींनी काय केलं ते सांगतो. त्यांच्या मुलीनं वहीच्या पानावर बाईचं चित्र काढलं, पुढून आणि पाठीमागून. जिथे गाठ लागते तिथे टिंब, जिथे हात लावल्यावर दुखतं तिथे फुली. बाजूला लिहिलं की दुखणं कधीपासून आहे, पाळी कधी थांबली, वजन कोणत्या वर्षी किती होतं. बचतगटाच्या आरोग्य शिबिरातल्या नोंदी होत्या, त्या कामी आल्या. शेवटी लिहिलं, गाठींना हात लावून बघा. मोठी होत जाणारी, कडक, खाली चिकटून बसलेली गाठ कुठेही असली तर ती वेगळी दाखवायची, तिला थांबायचं नाही. स्तनातली तर अजिबात नाही.

तो कागद घेऊन आशाताईंबरोबर वहिनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्या. पहिल्या डॉक्टरांनी कागद न बघताच वजन कमी करा म्हटलं. दुसऱ्या ठिकाणी तरुण डॉक्टर होती. तिनं कागद वाचला, चित्र उलटसुलट करून बघितलं, उठून वहिनींच्या दंडाला हात लावला आणि विचारलं, "किती वर्षं?" वहिनी सांगतात की तिथेच त्यांचा बांध फुटला. डॉक्टरनं त्याला लक्षण म्हटलं नाही, पाण्याचा पेला दिला.

थायरॉइड ठीक निघाला. साखर थोडी वाढलेली होती. एका गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, चरबीच निघाली, वाईट काही नव्हतं. कागदावर डॉक्टरनं लिहिलं की चरबीच्या दुखऱ्या गाठी आहेत, मेडिकल कॉलेजला दाखवावं. तिथली तारीख पुढच्या महिन्यात आहे. नसांच्या दुखण्यावरची एक गोळी रात्री घ्यायला दिली आहे, तिनं झोप लागते. दुखणं आहेच. चालणं मात्र वहिनींनी सोडलेलं नाही. साखरेसाठी चालते म्हणतात, चरबीसाठी नाही.

आमची ती जुनी मालिका आम्ही पुन्हा लावतो, पण शेवटचा भाग बदलून. त्यातलं जिभेच्या लाडाचं वाक्य काढलं आहे आणि तिथे वहिनींचा आवाज आहे, नाव न घेता. तो भाग लागला त्या दिवशी वहिनींनी घरातला रेडिओ मोठा केला. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. आवाज ओळखला की नाही कुणास ठाऊक, काही बोलल्या नाहीत.

यंदा संक्रांतीच्या आधी कासार आला तेव्हा वहिनी ओसरीवर बसल्या. दरवर्षी दोन-सहाचं माप घेतात. कासारानं तेच काढलं आणि हात पुढे केला. सासूबाई आतूनच म्हणाल्या, "दोन-दहाच्या दे तिला. आन् हात धरू नगंस, ती आपल्या हातानं घालंल."